पारडी बदलून

रविवारी सकाळी सव्वादहाला दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं गेलं आणि आत पाच माणसं उरली. दुरुस्तीचं लांब टेबल मधोमध होतं. त्यावरचे सुटे स्क्रू, दांड्या आणि पितळी वजनं थोरल्याने आदल्या दिवशीच डब्यांत भरून ठेवली होती. गुंजने टेबल पुसलं, स्टुलं मांडली, आणि सगळ्यांत उंच खुर्ची आक्कांसाठी ठेवली.

आक्का, थोरल्या आणि धाकट्याची मोठी बहीण, घरातून स्वतःची उशी घेऊन आल्या. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं बसून नोकरी केल्यापासून त्या कुठेही उशीशिवाय बसत नसत.

"मी काटा धरणार," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी बोलणार नाही. तुम्ही चौघांनी बोलायचं."

"तू बोलणार नाहीस?" धाकटा हसला. "मग मी सुट्टीचा दिवस वाया घालवायला तयार आहे. हे ऐकायला तिकीट लावलं असतं तरी आलो असतो."

"इथून तुला मोजतेय हं मी."

पारडी बदलायची पद्धत या तिघा भावंडांच्या वडिलांनी घालून दिली होती. तराजूची दांडी खरी आहे का हे बघायला माल एका पारड्यात घालून तोलतात, मग तोच माल दुसऱ्या पारड्यात घालून पुन्हा तोलतात. दोन्ही वेळा वजन एक आलं, तर दांडी खरी. काट्यांच्या या दुकानात घरातला मोठा निर्णयही तसाच तोलला जायचा. आधी प्रत्येकाने आपल्या मनातलं बोलायचं. मग बाजू बदलायच्या, आणि ज्याच्या विरोधात आत्तापर्यंत बोललो त्याच्याच बाजूने बोलायचं. दोन्ही फेऱ्यांत खोटं चालत नसे. याआधी हे चारदा झालं होतं. शेवटचं, धाकट्याला निरीक्षकाच्या पदविकेला पाठवायचं ठरलं तेव्हा, सव्वीस वर्षांपूर्वी.

आज तोलायची होती गुंज. जन्मली तेव्हा इतकी लहान होती, की तिच्या बाबांनी, म्हणजे थोरल्याने, तिला दुकानातल्याच काट्यावर ठेवलं आणि सोनार वापरतात त्या सगळ्यांत छोट्या वजनाचं नाव तिला चिकटलं. आता ती तेवीस वर्षांची होती. मोठ्या दवाखान्याच्या समाजसेवा विभागात दोन वर्षं मदतनीस म्हणून काम करत होती. पगार साडेतेरा हजार. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला तिला प्रवेश मिळाला होता. फी आणि राहण्याचं मिळून सहा लाख चाळीस हजारांचं कर्ज बँकेने मंजूर केलं होतं, पण पगारदार जामीनदाराची सही उद्या, सोमवारी चारच्या आत हवी होती. सही झाली नाही तर कर्ज रद्द, आणि फी न भरल्यामुळे जागाही रद्द.

आणि उद्याच आणखी एका पत्राला उत्तर द्यायचं होतं. इलेक्ट्रॉनिक काटे बनवणाऱ्या एका कंपनीने गुंजला ग्राहकसेवेची नोकरी देऊ केली होती. चोवीस हजार, पुढच्या महिन्यापासून. काट्यांच्या घरातली मुलगी, तिला शिकवायला नको, असं त्यांच्या साहेबांचं म्हणणं होतं.

पदवीच्या बाजूला गुंज आणि तिचा काका, म्हणजे धाकटा, बसले. वजनमापं निरीक्षक असल्याने घरात कायमचा पगार त्याचाच, म्हणून जामीन तोच राहणार हे धरून चाललेलं होतं. विरोधात थोरला. त्याच्या शेजारच्या स्टुलावर त्याची बायको, म्हणजे वहिनी, बसली होती, म्हणून तीही विरोधात धरली गेली. तिला कुणी विचारलं नाही.

* * *

पहिली फेरी अर्ध्या तासात संपली. थोरल्याला आठवत होत्या त्या आधीच्या फेऱ्यांपेक्षा ती कितीतरी वाईट झाली.

त्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेली चिठ्ठी होती. त्यावर चार ओळी होत्या आणि चौथी ओळ उणे होती. मंगळवारपासून तो ती चिठ्ठी घेऊन फिरत होता आणि मंगळवारपासून मुलीशी धड बोलला नव्हता. तो आकडा तिच्यासमोर वाचला, तर तिने निवडलेल्या कामाची चारचौघांत लाज काढल्यासारखं होईल असं त्याला वाटत होतं. म्हणून तो आकडा सोडून बाकी सगळं बोलला.

"या दुकानात कर्ज कधी आलं नाही," तो म्हणाला.

"या दुकानात गिऱ्हाईक तरी कुठे येतं आता?" धाकटा म्हणाला.

"ते येईल न येईल. हिशोब बसत नाही, एवढं मला कळतं."

"कसा बसत नाही? मी स्वतः करून तुला पाठवला ना? ओढाताण होईल, पण बसतो. दादा, तू सरळ सांग ना. माझी सही घ्यायची तुला लाज वाटते."

"लाजेचा काय संबंध?"

"मग चार दिवस फोन का घेत नाहीस? मी काय बँकेचा वसुलीवाला आहे?"

"काका, असू द्या," गुंज म्हणाली.

"असू द्या काय? गेल्या महिन्यात म्हणाला, बघू. गेल्या आठवड्यात म्हणाला, बघू. अरे, किती बघशील? डोळे आलेत का तुला?"

वहिनी तेवढ्यात एकच वाक्य बोलली. "आवाज बाहेर जातोय. शटर अर्धंच आहे." दाताच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसल्याने तिला माणसांचे आवाज कधी चढणार हे आधीच कळायचं. आत ड्रिलचा आवाज सुरू झाला, की बाहेरचे लोक असेच भांडायला लागत.

गुंजने आपल्या बाजूने जे सांगायचं ते सांगितलं, पण ते पाठ केल्यासारखं आलं. पदवी नसली तर तिला केस मिळत नाही. केस म्हणजे एक माणूस, त्याचं घर, त्याचे कागद, त्याचं पुढे काय होणार ते. ती फक्त फाइल घेऊन चालते. बाबा टेबलाकडे बघत राहिले.

आक्कांनी उशीवरची बैठक बदलली. "झालं? बदला."

* * *

चौघं उठली आणि टेबलाला वळसा घालून समोरासमोरच्या स्टुलांवर बसली. जागा अरुंद होती. धाकट्याचं पोट आणि थोरल्याचं स्टूल एकमेकांत अडकलं आणि दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागलं.

आता गुंजला विरोधात बोलायचं होतं.

तिने वही उघडली. पहिल्या फेरीत ती उघडली नव्हती. मनात एक विचित्र सुटका होती. दोन महिने ती सगळ्यांना पटवत होती. आता उलट बोलायची परवानगी मिळाली होती.

"सहा लाख चाळीस हजार," ती म्हणाली. "दोन वर्षांचं व्याज चढून शिकून बाहेर पडेन तेव्हा सात लाख साठ हजार. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता बारा हजार आठशे. माझ्या विभागातल्या ज्या दोघी पदवी घेऊन लागल्या, त्यांना सुरुवातीला हातात एकोणतीस हजार मिळतात. खोली, जेवण, प्रवास, चौदा हजार. राहिले पंधरा. त्यातून हप्ता गेला की उरतात दोन हजार दोनशे. त्यात चप्पल तुटली, दात दुखला, कुणाचं लग्न आलं, सगळं. सात वर्षं."

"किती उरतात?" थोरला म्हणाला.

"दोन हजार दोनशे."

"उरतात?"

"हो बाबा."

"तू विरोधात बोलतेयस ना?"

"हो. म्हणून तर सांगतेय, की फार कमी उरतात."

थोरल्याने खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि टेबलावर ठेवली. वहिनीने ती ओढून वाचली.

"पगार पंधरा हजार," तिने वाचलं. "खर्च चौदा हजार. हप्ता बारा हजार आठशे. शिल्लक उणे अकरा हजार आठशे. हे काय? पगार पंधरा कुठून आणला तुम्ही?"

"याने पाठवला." त्याने भावाकडे बोट दाखवलं. "मंगळवारी निरोप आला. सुरुवातीला हातात पंधरा."

"खर्च जाऊन!" धाकटा उभाच राहिला. "हातात म्हणजे खर्च जाऊन हातात! मी चौदा वजा करूनच पाठवले. निव्वळ!"

"मग तसं लिहायचं ना."

"आपल्या घरात कधी कुणी ढोबळ वजन सांगितलंय का? भांडं वजा केल्याशिवाय आकडा तोंडातून निघतो का आपल्या?"

"म्हणून मीही वजा केलं."

मग आक्का, ज्या बोलणार नव्हत्या, त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघांनी मिळून माझ्या भाचीला दोन खोल्यांचं भाडं भरायला लावलं."

"आणि चार वेळा जेवायला घातलं," वहिनी म्हणाली.

पहिली हसली गुंज. मग धाकटा हसत हसत खाली बसला आणि स्टूल पुन्हा अडकलं. थोरला हसला नाही. तो चिठ्ठीकडे बघत होता. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे चुकलेले काटे दुरुस्त केले होते. चार दिवस तो मुलीशी बोलला नव्हता, आणि ते एका भांड्याच्या वजनासाठी.

"मला एकदा विचारलं असतंत," गुंज हळूच म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं."

* * *

"माझं संपलं नाही," गुंज म्हणाली, आणि हसू ओसरलं.

"बेरीज चुकली ती चुकली. पण बरोबर बेरीज करूनही मी विरोधातच जिंकते. कंपनीत मला चोवीस मिळतात, पुढच्या महिन्यापासून, कर्ज न काढता. पदवीनंतर हप्ता जाऊन एकोणतीसमधले राहतात सोळा हजार दोनशे. म्हणजे महिन्याला सात हजार आठशेचा तोटा, सात वर्षं. साडेसहा लाखांच्या वर. शिकण्याच्या दोन वर्षांत कंपनीचा पगार बुडतो तो वेगळा, पावणेसहा लाख. सगळे मिळून बारा लाख एकतीस हजार दोनशे. कर्ज फिटल्यावर पदवीचा पगार कंपनीपेक्षा पाच हजारांनी जास्त. दोन्हीकडे वाढ सारखीच धरली तर हा खड्डा भरायला साडेवीस वर्षं लागतात." तिने वही मिटली. "मी साडेबावन्न वर्षांची झाले, की बरोबरी होते. फायदा त्यानंतर."

ती हे इतक्या शांतपणे बोलली, की धाकट्याला आपण सकाळपासून कुणाची वकिली करत होतो असा प्रश्न पडला. निरीक्षक म्हणून त्याने शेकडो दुकानदार पाहिले होते. स्वतःच्या मालाचा दोष कुणी आपणहून दाखवत नाही.

आता त्याची पाळी होती, आणि त्यालाही विरोधात बोलायचं होतं. गाडीतून येताना त्याने दोन मुद्दे जमवले होते, कंपनीत बढती लवकर मिळते वगैरे. ते त्याने सोडून दिले.

"मी जामीन राहू नये," तो म्हणाला. "कारण एक. मी चौकशी केली. एवढ्या रकमेला एकटा जामीन राहिलो, की ती माझ्या खात्यावर धरली जाते. चार वर्षांनी माझा मुलगा शिकायला जाईल तेव्हा मला तेवढं कमी मिळेल. हे मी घरी सांगितलेलं नाही."

"अरे," थोरला म्हणाला.

"थांब. आज मला बोलायचंय. कारण दोन." त्याने टेबलावरची धूळ नसलेली जागा तळहाताने पुसली. "मी हे पुतणीसाठी करतोय असं सगळ्यांना सांगतो. ते अर्धंच खरं आहे. मी पदविकेला गेलो तेव्हा तू चार वर्षं एकट्याने हे दुकान ओढलंस. बाजाराच्या दिवशी दोन दोन मणांचे काटे खांद्यावरून नेलेस, म्हणून तुझा डावा खांदा अजून खाली आहे. मी नोकरीला लागलो, पेढ्या-कारखान्यांतून शिक्के मारत फिरलो, आणि एकदाही तुला म्हणालो नाही, की दादा, हे तुझ्यामुळे. सव्वीस वर्षं झाली. आता पोरीसाठी सही करायची वेळ आली, तर मला वाटलं, फिटलं. पण माझं देणं तिच्या डोक्यावर का? ती नापास झाली, तिला काम सोडावंसं वाटलं, तर ती मला घाबरून सोडणार नाही. हे बरोबर नाही. हा माझा विरोध."

थोरला बराच वेळ खांदा चोळत राहिला.

"खांदा आधीपासूनच खाली होता," तो म्हणाला. "शाळेत दप्तरामुळे."

"दादा."

"बरं. कळलं मला." मग थोड्या वेळाने, "आभार मानायला मी काय समारंभाला आलोय? पण कळलं. बरं वाटलं."

आक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. काच स्वच्छच होती.

* * *

थोरल्याला पदवीच्या बाजूने बोलायचं होतं. तो उठला, बसून त्याला सलग बोलता येत नसे.

"गेल्या महिन्यात मी दवाखान्यात गेलो होतो," तो म्हणाला. "लहान मुलांच्या वॉर्डातला काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. हिला माहीत नाही. मी कोपऱ्यात खाली बसून काम करत होतो, पलंगाच्या आड. समोर एक माणूस होता. रंगारी असावा, नखांत पांढरा रंग होता. त्याचं बाळ महिनाभर तिथे होतं आणि त्या दिवशी घरी सोडणार होते. बिलात सवलत मिळायची होती, त्याचा कागद हवा होता. हिने तो कागद भरला. त्याला वाचून दाखवला. कळला नाही, पुन्हा वाचला. त्याचा घरपट्टीचा कागद चुकीचा होता, तो हिने फोन करून दुसरा मागवला. बारा पन्नासला सगळं तयार."

"बाबा, तुम्ही तिथे होतात?"

"मग सही हवी होती. पदवीशिवाय ती हिला करता येत नाही. हिच्या विभागाच्या मॅडम दुसऱ्या इमारतीत. ही त्याला म्हणाली, येतीलच. एक वाजला. दोन वाजले. खाली दारापाशी त्याची बायको पिशव्या घेऊन उभी होती, तो दर दहा मिनिटांनी खिडकीतून बघायचा. ही उठली नाही. जेवायलाही गेली नाही. त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिली. चार वाजून पाच मिनिटांनी मॅडम आल्या. म्हणाल्या, तू बघितलंस ना सगळं? ही म्हणाली, हो. त्यांनी न वाचता सही केली. अकरा सेकंद लागले. माझं लक्ष घड्याळाकडेच होतं."

"एवढा वेळ तुम्ही काय करत होतात?" वहिनीने विचारलं.

"काटा दुरुस्त करत होतो. तो एक वाजताच झाला होता." तो थांबला. "सव्वातीन तास. बाळ घरी जायला तयार, बाप तयार, कागद बरोबर. बघणारी ही आणि सही दुसऱ्याची. मला माझं आठवलं. काटा मी दुरुस्त करतो, बरोबर आहे हे मला कळतं, पण शिक्का खात्याचा लागतो. शिक्का घरात यावा म्हणून आपण याला चार वर्षं शिकवलं. तेव्हा बारा लाखांचं गणित कुणी मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर हा आज माझ्याशेजारी स्क्रू मोजत असता." त्याने भावाकडे पाहिलं. "हिला सहीचा अधिकार मिळावा. खड्डा मोठा आहे, मी मान्य करतो. पण त्या दिवशी मी घरी आलो आणि तुला, तुझ्या आईला, कुणालाच काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पोरी, मला तुझा फार अभिमान वाटला."

तो बसला. हे सगळं पहिल्या फेरीत आलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनीच्या मनात आलं. पण पहिल्या फेरीत ते आलं नसतं हेही तिला ठाऊक होतं. या घरातल्या माणसांना उलट बाजूला बसवल्याशिवाय सरळ बोलता येत नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचं हे निदान पक्कं झालं होतं.

"तुझं राहिलं, वहिनी," धाकटा म्हणाला. "तूही आता आमच्या विरोधात, म्हणजे पदवीच्या बाजूने."

"मी आधीपासून त्याच बाजूला होते, भाऊजी. स्टूल यांच्या शेजारी होतं म्हणून तुम्ही मला विरोधात मोजलंत."

तिने पर्समधून बँकेचं एक छापील पत्रक काढलं. घड्यांवरून ते काही दिवस पर्समध्ये होतं हे दिसत होतं.

"बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी बँकेत गेले. त्यांना विचारलं, पगारदार जामीनदार म्हणजे कोण? म्हणाले, ज्याचा पगार खात्यात येतो तो. माझा एकोणीस वर्षं येतोय. दोन महिने तुम्ही दोघे भाऊ एकमेकांची सही घ्यायची का नाही यावर अडलात. या घरात आणखी एक पगार आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

थोरल्याने पत्रक ओढून जवळ घेतलं.

"एकटीचा पुरत नाही," ती पुढे म्हणाली. "पण दोन जामीनदार चालतात, अर्धा भार एकेकावर. मी अर्धी. भाऊजी राहिलेच तर अर्धे, म्हणजे त्यांच्या मुलाच्या वेळी निम्मीच रक्कम आड येईल. आणि घरी विचारल्याशिवाय त्यांनी सही करायची नाही. दुसरं. शिकतानाचं व्याज चढू न देता दर महिन्याला भरलं, तर शेवटी सहा चाळीसच राहतात. हप्ता दहा हजार आठशे. तिच्या हातात दोन हजार दोनशेऐवजी चार हजार दोनशे उरतील. व्याज पहिल्या वर्षी साडेचार हजार महिना, दुसऱ्या वर्षी साडेपाच. मी संध्याकाळची पाळी मागितली आहे. डॉक्टर हो म्हणाले."

"आई, तू हे कधी..."

"लोकांना हप्त्याहप्त्याने दात बसवून देते मी. हप्ते मला कळतात."

"व्याज माझ्याकडे," आक्का म्हणाल्या.

"तुम्ही काटा धरताय, आक्का. तुम्हाला बोलता येत नाही."

"काटा बाजूला ठेवून बोलतेय. मला पेन्शन आहे, आणि खर्च म्हणजे ही उशी. संध्याकाळची पाळी करून तू नऊ वाजता घरी येणार आणि मग स्वयंपाक कोण करणार, हा?" त्यांनी थोरल्याकडे हात केला. "त्याने वजा केलेलं जेवण तुम्ही जेवणार?"

धाकटा बायकोला फोन करायला शटरखालून वाकून बाहेर गेला. दोन मिनिटांत परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"काय म्हणाली?" वहिनीने विचारलं.

"म्हणाली, सही कर आणि वेळेवर ये. तिला सगळं माहीत होतं. महिनाभर आधीपासूनच." तो आक्कांकडे वळला. "मी फक्त तुला बोललो होतो. तू सांगितलंस."

"एकतीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले," आक्का म्हणाल्या. "सवय जात नाही."

मग त्यांनी गुंजकडे पाहिलं, आणि आवाज बदलला.

"दोन्ही फेऱ्यांत वजन एक आलं नाही. तेव्हा शेवटचं तूच सांगायचं. साडेबावन्न म्हणालीस. तो आकडा खरा आहे?"

"खरा आहे, आत्या."

"मान्य आहे?"

गुंजने वही बाजूला सारली.

"त्या दिवशी मी त्या माणसाला सव्वातीन तास सांगत होते, येतीलच मॅडम, येतीलच. असं मी आठवड्यातून चारदा म्हणते. कंपनीत गेले तर मला ते म्हणावं लागणार नाही, पण ते म्हणणारं दुसरं कुणीतरी तिथे बसेल. मला तिथे बसून सही करायची आहे. आकडा मान्य आहे." ती थांबली. "आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी... मला नीट बोलता येत नाहीये."

"नको बोलूस," काका म्हणाला. "तूही सव्वीस वर्षांनी बोल. घराण्याची रीत आहे."

थोरला उठून शटर वर करायला गेला. कडीला हात लावून तो क्षणभर तसाच उभा राहिला, कारण प्रकाशात सगळ्यांना त्याचे डोळे दिसले असते.

* * *

सोमवारी सव्वाअकराला ते चौघं बँकेत होते. आक्का आल्या नाहीत; त्यांनी रात्रीत दोनदा फोन करून कागदांची यादी वाचून दाखवली होती. गुंजने कंपनीला नकाराचं पत्र सकाळीच पाठवलं होतं.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता. त्याने अर्जदाराची सही घेतली, मग जामीनदार एक, मग जामीनदार दोन. वहिनीने जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे एकाच वळणाची सही केली. दवाखान्यात ती दिवसाला साठ पावत्या करायची. धाकट्याची सही लांब आणि ऐटदार होती. त्याने पेन खाली ठेवलं आणि भावाकडे न बघता त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवला.

थोरला मागे उभा होता. त्याच्या हातात सगळ्यांच्या कागदांच्या झेरॉक्स प्रतींची पिशवी होती. मुलीच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या कागदावर आपलं काहीच नाही, हे त्याला तिथे पोचल्यावर कळलं. वाईट वाटलं असं नाही. बायको सही करत होती, भाऊ करत होता, मुलगी करत होती. तो एकेकाकडे बघत होता आणि आपल्याला किती मिळालं आहे याचा त्याला अंदाज लागत नव्हता.

"एक साक्षीदार लागेल," अधिकारी म्हणाला. "ते मागे उभे आहेत ते काका चालतील."

"मला कायमचा पगार नाही," थोरला घाईने म्हणाला.

"साक्षीदाराला पगार लागत नाही. सह्या तुमच्यासमोर झाल्या, एवढंच लिहायचं."

तो खुर्चीवर बसला. त्याने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अकरा पानं होती. मागे रांग वाढत होती. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

"बाबा, सगळं नाही वाचायचं," गुंज पुटपुटली.

"वाचू दे त्यांना," वहिनी म्हणाली.

त्याने अकरावं पान संपवलं. नावाखाली व्यवसायाची जागा होती, तिथे त्याने सावकाश लिहिलं, काटे दुरुस्ती. मग पेन सहीच्या रेघेवर आणलं.

"यात तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही," अधिकाऱ्याने समजावलं. "तुम्ही फक्त पाहिलंत, असं होतं."

"हो," तो म्हणाला. "मी पाहिलंय." आणि त्याने सही केली.